हाताला काम असतानाच नाव नोंदवा

नागपूरच्या एखाद्या बिल्डरने काम थांबवले की त्याची झळ दवनीवाड्यापर्यंत यायला आठवडाही लागत नाही. सेंट्रिंगवाला पोरगा पिशवी घेऊन घरी परततो. गोंदियाच्या राईस मिलमध्ये दोन पाळ्यांची एक पाळी होते. किराणा दुकानातली उधारीची वही जाड व्हायला लागते. धानाचा हंगाम असेल तर रोवणी-कापणीवर महिनाभर निघून जातो. पण काम सुटले आणि दिवस माघ-फाल्गुनाचे असले, तर तेंदूपत्ता आणि मोहफुलापर्यंतचे दिवस कसे काढायचे हा प्रश्न गोंदिया तालुक्यातल्या घराघरात उभा राहतो.

अशा वेळी आधार देणाऱ्या सरकारी योजना आहेत आणि त्या बऱ्याच आहेत. अडचण वेगळीच आहे. यातल्या बहुतेक योजना त्यांनाच वेळेवर मिळतात, ज्यांचे नाव काम जाण्याआधी नोंदलेले असते. आपण पावसाळ्याआधी घरावरची कवेलू फेरून घेतो, पाऊस सुरू झाल्यावर कोणी छपरावर चढत नाही. नोंदणीचेही तसेच आहे. काय, कुठे आणि केव्हा नोंदवायचे, ते या लेखात क्रमाने सांगतो.

आधी थोडे मागचे

जर्मनीत कारखान्याला मागणी कमी पडली की कामगाराला काढत नाहीत, त्याचे तास कमी करतात आणि बुडालेल्या पगाराचा मोठा भाग सरकारी विम्यातून भरून देतात. २०२० च्या एप्रिलमध्ये तिथले सुमारे ६० लाख कामगार या व्यवस्थेत होते. अमेरिकेत १९३५ च्या कायद्यापासून बेकारी विमा आहे. आपल्याकडे शेतमजूर, मिस्त्री, रेजा, हमाल यांच्यासाठी असा विमा नाही. त्यांचा आधार निरनिराळ्या खात्यांत विखुरलेला आहे. धान्य पुरवठा विभागाकडे, काम ग्रामपंचायतीकडे, पेन्शन तहसीलकडे, शिष्यवृत्ती कामगार मंडळाकडे. हे तुकडे एकत्र बांधायचे काम घरच्यांनाच करावे लागते.

काम मागण्याचा हक्क मात्र देशाला महाराष्ट्राने शिकवला. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी रोजगार हमीची कल्पना मांडली. १९७२ च्या दुष्काळाने ती राज्यभर नेली. मे १९७३ मध्ये राज्यात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. केंद्राचा कायदा, म्हणजे मनरेगा, आला २००५ मध्ये. तो २ फेब्रुवारी २००६ ला पहिल्या टप्प्यात ज्या २०० जिल्ह्यांत सुरू झाला, त्यांत गोंदिया होता.

या सगळ्या आधाराची कसोटी २०२० च्या टाळेबंदीत लागली. त्या आर्थिक वर्षात देशभर मनरेगावर सुमारे ३८९ कोटी मनुष्यदिवस काम निघाले. शिधापत्रिकेवर माणशी ५ किलो जादा धान्य मोफत मिळाले. महिलांच्या जनधन खात्यात तीन महिने ५०० रुपये आले. राज्याने नोंदीत बांधकाम कामगारांना आधी २,००० आणि मग ३,००० रुपये दिले. यातला ‘नोंदीत’ हा शब्द नीट वाचा. त्याच साइटवर, त्याच ठेकेदाराकडे काम करणाऱ्या दोघांपैकी ज्याच्याकडे मंडळाचे कार्ड होते त्याला पैसे मिळाले. दुसऱ्याला मिळाले नाहीत.

पहिले काम : खाते, आधार आणि मोबाइल

आता जवळपास सगळी मदत थेट खात्यात येते आणि ती आधारला जोडलेल्या खात्यातच येते. इथेच सर्वांत जास्त लोक अडकतात. समजा, तुमचे जुने खाते गोंदियाच्या सरकारी बँकेत आहे. मध्येच मायक्रोफायनान्सच्या कर्जासाठी किंवा मोबाइलवरच्या बँकेसाठी दुसरे खाते उघडले आणि आधार त्याला जोडला गेला. तर पैसे नव्या खात्यात जातात. तुम्ही जुन्या पासबुकावर शिक्का मारून घेता आणि ‘पैसे आलेच नाहीत’ म्हणून घरी येता. बँकेत किंवा आपले सरकार सेवा केंद्रात ‘माझ्या आधारला सध्या कोणते खाते जोडलेले आहे’ एवढेच विचारा. दोन मिनिटांत कळते.

दुसरी गोष्ट नावांची. आधार, शिधापत्रिका, जॉबकार्ड आणि पासबुक या चारही ठिकाणी नाव एकसारखे हवे. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांचे अर्ज याच एका कारणाने परत येतात. तिसरी गोष्ट, आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू ठेवा. ओटीपी बंद पडलेल्या सिमवर गेला की पुढचे काहीच होत नाही.

कंट्रोलचे धान्य

अंत्योदय कार्डावर कुटुंबाला महिन्याला ३५ किलो आणि प्राधान्य कुटुंबात माणशी ५ किलो धान्य मिळते. १ जानेवारी २०२३ पासून ते पूर्ण मोफत आहे. दुकानदाराने त्यासाठी एकही रुपया मागायचा नाही, आणि ई-पॉस मशीनमधून निघणारी पावती तुम्हाला द्यायची.

आज करायचे ते इतकेच की कार्डावरच्या प्रत्येक माणसाची ई-केवायसी झाली आहे का ते दुकानात पाहून घ्या. नवी सून, नवे बाळ यांची नावे चढवून घ्या. एक नाव राहिले की महिन्याला ५ किलो गेले.

कामासाठी बाहेर असलेल्यांना एक सोय आहे आणि ती फार कमी जण वापरतात. एक देश एक रेशनकार्ड योजनेत नागपूरला किंवा हैदराबादला असलेला माणूस तिथल्या दुकानात अंगठा लावून आपल्या वाट्याचे धान्य उचलू शकतो. घरचे लोक उरलेले धान्य दवनीवाड्यात घेतात. त्यासाठी कार्ड बदलावे लागत नाही, नवे कार्डही काढावे लागत नाही. तक्रारीसाठी १९६७ हा नंबर आहे.

रोजगार हमी : तोंडी नको, लेखी मागा

‘आम्ही काम मागितले होते, पण निघालेच नाही’ असे बरेच जण सांगतात. मागितले कसे, तर रोजगार सेवकाला चौकात सांगितले. तशा मागणीचा पुरावा हातात राहत नाही. मागणी नमुना ४ मध्ये लेखी करायची असते. त्यात जॉबकार्डचा क्रमांक, काम करणाऱ्यांची नावे, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत काम हवे आणि सही किंवा अंगठा एवढेच असते. अर्ज दिला की तारीख घातलेली पोच, म्हणजे नमुना ५, हातात घ्यायची.

त्या पोचेवरच पुढचे सगळे हक्क उभे आहेत. पोचेच्या तारखेपासून १५ दिवसांत काम मिळाले नाही तर बेकारभत्ता लागू होतो. मनरेगाच्या नियमाने पहिल्या ३० दिवसांसाठी तो मजुरीच्या चौथाई आणि पुढे निम्मा. काम गावापासून ५ किलोमीटरच्या पलीकडे दिले तर मजुरी १० टक्के वाढवून मिळते. पोच नसेल तर यातले काहीच मागता येत नाही.

महाराष्ट्राचा मजुरीदर एप्रिल २०२५ पासून दिवसाला ३१२ रुपये आहे. पण काम मापावर असते. ठरल्याइतके खोदले तरच पूर्ण ३१२ पडतात. म्हणून मोजमापाच्या दिवशी हजर राहा. दिवसातून दोनदा मोबाइलवर फोटो हजेरी होते, ती चुकवू नका.

दिवस माणशी मोजत नाहीत, कुटुंबाचे मिळून मोजतात, हेही ध्यानात असू द्या. मनरेगाचे १०० दिवस नवरा-बायको दोघेही कामावर गेले तर दोन महिन्यांत संपतात. त्यापुढचे काम राज्याच्या १९७७ च्या कायद्यातून मागता येते, त्यामुळे ‘शंभर भरले, आता घरी बसा’ असे कोणी म्हटले तर ऐकून घेऊ नका.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मनरेगाच्या जागी नवा कायदा संमत केला. वर्तमानपत्रांत तो ‘जी राम जी’ या छोट्या नावाने गाजला. त्यात वर्षाला १२५ दिवसांची हमी आहे. मात्र पेरणी-कापणीच्या काळात मिळून ६० दिवसांपर्यंत कामे बंद ठेवायची तरतूदही आहे. धानपट्ट्यात याचा अर्थ सरळ आहे. रोवणी आणि कापणीच्या दिवसांत हमीच्या कामाची आशा धरू नका, मागणी रिकाम्या महिन्यांसाठी आधीच देऊन ठेवा. आपल्या पंचायतीत सध्या कोणते नियम चालू आहेत ते ग्रामसभेत विचारा. कायदा कोणताही असो, जॉबकार्ड आणि पोच जपून ठेवायची.

कामे निघतात ती आराखड्यात असली तरच. तो आराखडा १५ ऑगस्ट ते २ ऑक्टोबरच्या ग्रामसभांमधून जातो. मामा तलावाचा गाळ, पांदण रस्ता, शेततळे, सिंचन विहीर, जनावरांचा गोठा, जे हवे ते तिथेच नोंदवा. फेब्रुवारीत काम हवे असेल तर ऑगस्टच्या ग्रामसभेला बसावे लागते.

मिस्त्री, रेजा, सेंट्रिंगवाले

बांधकामावर जाणाऱ्या प्रत्येकाने महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करावी. वय १८ ते ६० आणि मागच्या वर्षभरात ९० दिवसांचे काम ही अट आहे. दाखला ठेकेदार देतो. ठेकेदार टाळत असेल तर ग्रामसेवक, म्हणजे आताचे ग्रामपंचायत अधिकारी, देऊ शकतात. नोंदणीची फी नाममात्र आहे. एजंट हजार-दोन हजार मागत असेल तर तो तुमचा पैसा आहे, मंडळाचा नाही.

पहिली-सातवीच्या मुलाला वर्षाला २,५०० रुपये, आठवी-दहावीला ५,०००, अकरावी-बारावीला १०,०००, पदवीला २०,००० अशी शिष्यवृत्ती आहे. नैसर्गिक प्रसूतीला १५,००० रुपये मिळतात. कामावर मृत्यू झाला तर वारसाला ५ लाख आणि नैसर्गिक मृत्यू झाला तर २ लाख रुपये. हा पैसा बांधकामावरच्या १ टक्का उपकरातून जमतो. तो मालकांनी भरलेला असतो, त्यामुळे यात कोणाचे उपकार नाहीत.

फक्त नूतनीकरण दरवर्षी करावे लागते. कार्ड पेटीत आहे, पण मुदत संपली आहे, अशी घरे गावोगाव सापडतील. मुदत संपलेल्या कार्डावर काहीच मिळत नाही.

शेतमजूर, घरकामगार, फेरीवाले आणि इतरांनी ई-श्रमवर नोंद करावी. वय १६ ते ५९, नोंदणी मोफत.

मिल किंवा कंपनीत असाल तर

पगाराच्या चिठ्ठीवर ईएसआय आणि पीएफची कपात दिसते का ते आधी पाहा. ईएसआय साधारण १० किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी लागू होते आणि २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेला कामगार त्यात येतो. ईएसआयच्या अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत नोकरी गेल्यावर सरासरी मजुरीच्या निम्मी रक्कम जास्तीत जास्त ९० दिवस मिळते. आपल्या मुलखात बेकारी विम्याच्या सर्वांत जवळ जाणारी गोष्ट हीच. अट अशी की काही काळ सलग वर्गणी भरलेली हवी.

पीएफचा यूएएन क्रमांक चालू करून ठेवा. काम सुटले की मालकाकडून ‘नोकरी सोडल्याची तारीख’ पोर्टलवर भरून घ्या. ती नसेल तर पैसे काढायचा अर्ज अडकतो, आणि सहा महिन्यांनी मालकाला गाठणे अवघड जाते.

घरातली म्हातारी, विधवा, दिव्यांग

मंदीत घराचा कमावता हात थांबला तरी पेन्शन थांबत नाही. ६५ वर्षांवरच्या गरिबांसाठी श्रावणबाळ योजना आहे. विधवा, परित्यक्ता, दिव्यांग, दुर्धर आजारी यांच्यासाठी संजय गांधी निराधार योजना आहे. महिन्याला १,५०० रुपये मिळतात, दिव्यांगांना ऑक्टोबर २०२५ पासून २,५००. कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१,००० रुपये आहे, दिव्यांगांसाठी ५०,०००. अर्ज तहसीलमध्ये किंवा सेवा केंद्रातून करायचा. दरवर्षी हयातीचा दाखला द्यायला विसरू नका. पेन्शन मध्येच बंद पडण्याचे नेहमीचे कारण तेच असते.

दारिद्र्यरेषेखालच्या घरातला १८ ते ५९ वयाचा कर्ता माणूस गेला तर राष्ट्रीय कुटुंबलाभ योजनेतून एकरकमी २०,००० रुपये मिळतात. तेराव्याच्या गडबडीत हा अर्ज राहून जातो. मृत्यूचा दाखला हाती आला की लगेच करून टाका.

आजारपण आणि अपघात

काम गेलेल्या घराला सावकाराच्या दारात नेणारी गोष्ट बहुतेक वेळा दवाखान्याचे बिल असते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कोणत्याही रंगाच्या शिधापत्रिकेवर कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचार होतात. योजनेतल्या रुग्णालयात शिरताच ‘आरोग्यमित्र’ कुठे बसतो ते विचारा. भरती होतानाच त्याच्याकडे नोंद झाली पाहिजे. बिल भरून झाल्यावर पैसे परत मिळवणे कठीण असते. चौकशीचा नंबर १५५३८८.

बँक खात्यातून वर्षाला २० रुपये कापून २ लाखांचा अपघात विमा आणि ४३६ रुपये कापून २ लाखांचा जीवन विमा मिळतो. विम्याचे वर्ष १ जून ते ३१ मे असते. मेअखेरीला खात्यात तेवढे पैसे नसले तर विमा गुपचूप बंद पडतो.

शेतकऱ्याच्या घरी सर्पदंश, वीज, अपघात यांनी मृत्यू झाला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून २ लाख रुपये मिळतात. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे ३० दिवसांत करावा.

एका घराचा हिशेब

समजा, दवनीवाड्यातले चार माणसांचे घर. नवरा नागपूरला सेंट्रिंगवर, बायको शेतमजुरीवर, मुलगी दहावीत, सासू ६८ वर्षांची. जानेवारीत नागपूरचे काम बंद पडले.

कागद पूर्ण असतील तर प्राधान्य कार्डावर २० किलो धान्य मोफत येते. दोघे चार आठवडे, आठवड्याला सहा दिवस रोजगार हमीवर गेले आणि माप पूर्ण भरले, तर प्रत्येकी २४ दिवसांचे ७,४८८ म्हणजे दोघांचे १४,९७६ रुपये. सासू श्रावणबाळच्या उत्पन्न मर्यादेत बसत असेल तर तिचे १,५००. बायको लाडकी बहीण योजनेत पात्र असेल तर आणखी १,५००. महिन्याची बेरीज १७,९७६ रुपये. शिवाय मुलीची वर्षाची ५,००० शिष्यवृत्ती, जी तिची शाळा सुटू देत नाही. यात चैन होणार नाही, पण बैल आणि दागिने विकायची वेळ येणार नाही.

आता याच घराचे कागद अर्धवट धरा. मुलीचे नाव कार्डावर नाही, तर धान्य १५ किलो. मंडळाचे कार्ड मागच्या वर्षीच संपले, तर शिष्यवृत्ती नाही. काम तोंडी मागितले, तर ना काम ना भत्ता. हातात उरतात सासूचे १,५०० आणि फार तर लाडकी बहीणचे १,५००. घर तेच, योजनाही त्याच.

मजुरी खात्यात यायला आठवडे लागू शकतात, म्हणून एका महिन्याच्या किराण्याइतकी रक्कम बचत गटात असावी. कर्ज लागलेच तर आधी गटाचे घ्या. मायक्रोफायनान्सबाबत रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की घराचे सगळे हप्ते मिळून उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. एका कर्जाचा हप्ता भरायला दुसरे कर्ज घ्यायची वेळ आली असेल तर तिथेच थांबा.

अडले तर

अर्ज नाकारला तर कारण लेखी मागा. राज्याच्या २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने दाखल्यांना मुदत घालून दिली आहे. ती उलटली तर त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे अपील करता येते. माहितीच्या अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो. मोफत वकील हवा असेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा नंबर १५१०० आहे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीची माणसे आणि असंघटित मजूर यांनी संकोच करू नये, ही सोय त्यांच्यासाठीच आहे.

आज घरात कोणाच्या तरी हाताला काम असेल, तर हीच योग्य वेळ. येत्या आठवड्यात एक दिवसाची मजुरी बुडवा आणि चार गोष्टी करा. आधारचे खाते तपासा, शिधापत्रिकेवरची नावे पाहा, जॉबकार्ड आणि कामगार कार्डाची मुदत बघा, म्हातारीचा हयातीचा दाखला द्या. आणि शेजारच्या घरात वाचता न येणारे कोणी असेल, तर त्यांचेही कागद सोबत घेऊन जा.